पुराच्या पाण्यात बुडालेल्या कॅसेट आणि जुना टीव्ही गेम : दुरुस्तीला हात कोठून घालावा?

नदीकाठ_९६ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या कोल्हापुरातल्या घरी १९९६ च्या दिवाळीत आणलेला, कॅसेट घालून चालवायचा टीव्ही गेम अजून आहे आणि तो पुन्हा चालू व्हावा असे मनापासून वाटते. वडील तेव्हा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत कामाला होते. दुसरी पाळी संपवून रात्री बाराच्या सुमारास ते घरी आले, की ताट वाढून होईपर्यंत माझ्याबरोबर 'बॅटल सिटी'चा एक डाव खेळत असत. पिवळा रणगाडा त्यांचा, हिरवा माझा, आणि खाली विटांच्या आड बसलेला गरुड राखायची जबाबदारी दोघांची. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःहून विचारले, "तो गेम टाकलास काय रे?" टाकला नव्हता, पण त्याची अवस्था अशी आहे.

यंत्र आणि दोन्ही रिमोट माळ्यावर खोक्यात होते, त्यामुळे ते कोरडे राहिले. कॅसेट मात्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आले तेव्हा सातही कॅसेट पाच दिवस गढूळ पाण्याखाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर घर धुण्याच्या गडबडीत आईने त्या नळाखाली धरून गच्चीवर उन्हात वाळवल्या आणि पिशवीत बांधून ठेवल्या. त्यानंतर त्या कोणी उघडल्या नाहीत.

आता जोडून पाहिल्यावर यंत्राचा लाल दिवा लागतो आणि एलईडी टीव्हीवर चित्रही येते, पण चित्रावर दोन आडवे काळपट पट्टे सावकाश वर सरकत राहतात. तीन कॅसेट घातल्या की पडदा नुसता एका रंगाचा होतो. 'बॅटल सिटी' असलेल्या कॅसेटमधल्या खेळांची यादी दिसते, पण तिच्यातली अक्षरे फुटकी येतात. कॅसेटची एक बाजू बोटाने दाबून धरली तर ती क्षणभर नीट होतात. एका कॅसेटला आवाजच नाही. उरलेल्या दोन अधूनमधून चालतात. पहिल्या रिमोटचे डावीकडचे बटण लागत नाही आणि दुसरा रिमोट पूर्ण बंद आहे. सोबत आलेली बदके मारायची बंदूकही चालत नाही.

शहरात दोन ठिकाणी विचारले, पण एवढे जुने काम कोणी अंगावर घ्यायला तयार नाही. एकाने कॅसेटची टोके बारीक सँडपेपरने घासून पेट्रोलने पुसायला सांगितले. मी अजून तसे केलेले नाही, फक्त लहानपणीच्या सवयीने फुंकर मारून पाहिली आहे. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आणि २५ वॉटची सोल्डरिंग गन आहे, आणि दोन्ही थोडेफार वापरता येतात. सुरुवात कोठून करावी आणि कशाला हात लावू नये, हे जाणकारांनी सांगावे.

राजारामपुरी_मेकॅनिक

सँडपेपर आणि पेट्रोल दोन्ही टाळलेत, हे फार चांगले केलेत. कॅसेट सध्या बाजूला ठेवा, कारण पहिले काम विजेचे आहे.

फुटकी का होईना, पण टीव्हीवर अक्षरे उमटतात, याचा अर्थ यंत्राची मुख्य पाटी जिवंत आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात विकले गेलेले बहुतेक टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोने जुलै १९८३ मध्ये जपानात आणलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'च्या नकला होत्या. त्यांतल्या पुष्कळशा यंत्रांत प्रोसेसर आणि चित्र तयार करणारा भाग असे सगळेच काळ्या डांबरासारख्या एका थेंबाखाली बसवलेले असते. तो थेंब गेला तर दुरुस्ती नाही. तुमचा शाबूत दिसतो, म्हणून पुढचे सगळे कष्ट घेण्यासारखे आहेत.

दोन सरकते पट्टे ही जुन्या अडॅप्टरची किंवा सुकलेल्या कंडेन्सरची ओळखीची खूण आहे. आपली घरगुती वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची असते. ती डायोडमधून एकाच दिशेला वळवली, की तिच्यात सेकंदाला १०० लाटा उरतात आणि त्या सपाट करण्याचे काम मोठ्या कंडेन्सरचे असते. कंडेन्सर आतून सुकला की लाटा तशाच पुढे जातात, आणि टीव्हीचे चित्र सेकंदाला ५० वेळा रेखाटले जात असल्यामुळे प्रत्येक चित्रावर दोन लाटांचे दोन पट्टे पडतात. हा कंडेन्सर एक अडॅप्टरच्या आत असतो आणि एक यंत्राच्या आत, म्हणून दोष कोणाचा हे आधी ठरवायला हवे.

त्यासाठी ९ व्होल्ट डीसी देणारा, निदान १ अँपियरचा नवा अडॅप्टर लावून पाहणे हा सोपा मार्ग आहे, पण येथेच पुष्कळ यंत्रे मेलेली मी पाहिली आहेत, म्हणून नीट वाचा. घरातल्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरची पिन बहुधा आतून धन आणि बाहेरून ऋण असते. मूळ फॅमिली कॉम्प्युटरचा अडॅप्टर याच्या नेमका उलट, म्हणजे आतून ऋण होता आणि त्याच्या अनेक नकलांनीही तेच ठेवले. पिन छिद्रात बसली म्हणजे जुळली, असे समजून लोक बटण दाबतात आणि उलटा प्रवाह जाऊन आतला रेग्युलेटर, म्हणजे यंत्राला ५ व्होल्ट स्थिर देणारा भाग, जळतो. जुन्या अडॅप्टरवरचे गोल चिन्ह पाहा. लेबल पुसले असेल तर यंत्र उघडून तीन पायांचा ७८०५ हा रेग्युलेटर शोधा. छापील अक्षरे आपल्याकडे करून धरली, की त्याचा डावा पाय येणाऱ्या विजेचा, मधला अर्थचा, म्हणजे ऋण बाजूचा, आणि उजवा ५ व्होल्ट देणारा असतो. अडॅप्टर काढलेला असताना मल्टिमीटरचे एक टोक मधल्या पायाला आणि दुसरे सॉकेटच्या आतल्या काडीला लावा. बीप वाजला तर आतली काडी ऋण आहे. बाहेरच्या पत्र्याला बीप वाजला तर उलट समजावे. दोन्हींकडे वाजला नाही तर मध्ये डायोड आहेत. तेव्हा पाटीचा फोटो येथे टाका.

जुना अडॅप्टर नुसता मोजलात तर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दिसतील, त्याने घाबरू नका. ट्रान्सफॉर्मरवाले जुने अडॅप्टर भार नसताना असेच चढे व्होल्टेज दाखवतात. भार असताना ७८०५ च्या डाव्या पायावर साधारण ७ व्होल्टांच्या खाली कधीच जाता कामा नये, नाहीतर उजवीकडचे ५ व्होल्ट डळमळतात. जुन्या अडॅप्टरचे कवच मात्र फोडू नका. त्याच्या आत २३० व्होल्ट आहेत आणि इतक्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वेष्टनावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

नव्या अडॅप्टरनेही पट्टे राहिले, तर यंत्रातला मोठा कंडेन्सर बदला. क्षमता तीच ठेवा, व्होल्टेज एक पायरी वरचे चालते. म्हणजे १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा लावलात तर उत्तमच. अंगावरची पट्टी ऋण बाजूची असते, ती पाटीवरच्या खुणेशी जुळवूनच सोल्डर करा. ७८०५ तापलेला लागला तर तेवढ्यावरून तो बिघडला असे समजू नका. ९ व्होल्ट आत आणि ५ बाहेर, म्हणजे अर्धा अँपियर प्रवाहाला २ वॉट उष्णता त्याच्याच अंगावर पडते. उष्णता बाहेर टाकणारी त्याच्यामागची ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट बसली आहे ना, एवढे पाहा.

हुपरीचा_गिलीटवाला

माझा धंदा चांदीच्या दागिन्यांना गिलीट करण्याचा आहे, टीव्ही गेमचा नाही. पण जुन्या कॅसेट जमवण्याचा छंद आहे आणि कॅसेटच्या टोकांचा प्रश्न हा पुरता मुलाम्याचाच प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅसेटच्या पट्टीवर दिसणारे पिवळे दात सोन्याचे नसतात. खाली तांबे, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर सोन्याचा अगदी पातळ थर असतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. चांगल्या कॅसेटवरचे सोने फार तर एका मायक्रॉनच्या आसपास असते आणि स्वस्तातल्या नकली कॅसेटवर त्याच्या अंशाइतकेच. काहींवर तर सोने नाहीच, नुसती कल्हईसारखी पांढरी कथलाची पुटे असतात. अशा अंगावर सँडपेपर फिरवला, की दोन हातांत तांबे उघडे पडते. त्या दिवशी कॅसेट झकास चालते आणि सांगणाऱ्याचे खरे वाटते, पण आपल्याकडच्या एका पावसाळ्यात ते तांबे काळे पडते आणि पुढच्या वेळी घासायला थर उरलेला नसतो. भांडी उजळायची पावडर, चिंच, ब्रासोसारखे पॉलिश यांचेही तेच. शिवाय त्यांचा अंश दातांच्या फटीत राहून पुन्हा गंज धरतो.

तुमच्या कॅसेटच्या बाबतीत बाहेरून पुसून भागणार नाही, कारण पुराचा गाळ आत बसलेला आहे. वाळलेला गाळ निरुपद्रवी दिसतो, पण त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि शेजारच्या दोन दातांमध्ये वीज झिरपायला वाट करून देतात. दोन दातांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत अडीच मिलिमीटरच असते. म्हणून प्रत्येक कॅसेट उघडा. काहींना मागे स्क्रू असतो, काहींची टरफले नुसती खाचेत बसवलेली असतात. तेथे डिसमिसने न उचकटता जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत फिरवा, टरफल फुटत नाही.

आतली पाटी टरफलातून काढून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा मिनिटे बुडवा आणि मऊ, जुन्या टूथब्रशने हलकेच घासा. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दुकानात हे पाणी मिळते. आम्लाचा कॅन उचलत नाही ना, एवढे बघून घ्या. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार वाळून पुन्हा तेथेच बसतात. पाणी गढूळ झाले की बदला. माझ्या अनुभवात तिसऱ्या पाण्याला तळाशी काही उरत नाही. पाटीवर बटणासारखा सेल दिसला तर मात्र ती पाण्यात घालू नका. नंतर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचे, पाटीवरून ओघळू द्या, म्हणजे फटीतले पाणी ते घेऊन निघते. हाताला लावायचे सॅनिटायझर चालणार नाही, कारण त्यात ग्लिसरीन असते आणि ते चिकट थर ठेवते. थिनर तर प्लॅस्टिकच विरघळवतो. मग पाटी पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळू द्या. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा आणि जवळ गॅस, उदबत्ती काही पेटलेले नको.

यानंतर दातांवर काळपटपणा राहिलाच, तर शाळेतल्या मुलांचे पांढरे मऊ खोडरबर घ्या आणि दातांच्या लांबीच्या दिशेने, आतून कडेकडे, पाच-सहा वेळा ओढा. शाई खोडायचे खरखरीत रबर घेऊ नका, त्यात बारीक वाळू असते. कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेऊन भुगा पुसून काढा. काडीवर करडा डाग येत राहील तोवर काड्या बदलत राहायच्या.

पितळेचे भांडे कळकते तशी हिरवी बुरशी एखाद्या दातावर दिसली, तर तेवढ्याच जागेवर काडीने पांढरा व्हिनेगर लावा, अर्ध्या मिनिटाने डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि मग अल्कोहोल. हिरवे निघाल्यावर खाली सलग धातू चमकला तर नशीब. खड्डा दिसला तर तांबे खाल्ले गेले आहे आणि तेथे बारीक तारेने डाख देऊन वाट जोडावी लागेल.

शाहूपुरी_जुना

आम्ही सगळ्यांनी लहानपणी फुंकूनच कॅसेट चालवल्या आणि त्या चालतही असत. दहा वर्षे फुंकर मारून माझी एकही कॅसेट बिघडली नाही, म्हणून ती अगदीच चुकीची समजूत होती असे मला वाटत नाही. जाणकारांनी याचा खुलासा केला तर बरे होईल.

राजारामपुरी_मेकॅनिक

तुमचा अनुभव खोटा नाही, त्याचे श्रेय मात्र फुंकरीला जात नाही. फुंकण्यासाठी कॅसेट काढली आणि पुन्हा घातली, की तिचे दात यंत्राच्या स्लॉटमधल्या धातूच्या पत्त्यांवर घासून नवी जागा धरतात. कॅसेट चालते ती या घासण्यामुळे. न फुंकता तीन वेळा काढून घातली असती, तरी तेवढ्याच वेळा चालली असती. तोंडातली वाफ आणि थुंकीचे बारीक थेंब यांनी दातांवर ओल राहते, आणि निन्टेंडोनेही आपल्या ग्राहकांना फुंकू नका असेच सांगितले होते. दहा वर्षे टिकली, कारण रोज वापरात असलेली कॅसेट रोज घासली जात होती. फुंकून माळ्यावर वीस वर्षे ठेवलेल्या कॅसेटची गोष्ट वेगळी आहे.

आता मूळ प्रश्नातल्या लक्षणांकडे वळतो, कारण त्यांतून दोष कोणत्या दातांत आहे हेही कळते. या जातीच्या कॅसेटला ६० दात असतात, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. मूळ फॅमिली कॉम्प्युटरच्या रचनेत पट्टीचा साधारण एक अर्धा भाग प्रोसेसरच्या ओळींचा आणि दुसरा अर्धा भाग चित्राच्या ओळींचा आहे. खेळाचा हिशेब एका चिपमधून वाचला जातो आणि अक्षरे, विटा, रणगाडे यांचे नकाशे दुसऱ्या चिपमधून. म्हणून पडदा नुसता एका रंगाचा राहिला तर प्रोसेसरच्या अर्ध्या भागात संपर्क तुटला आहे असा संशय घ्यावा. आणि यादी येते, बाण खाली-वर हलतो, पण अक्षरे फुटकी आहेत, असे असेल तर प्रोसेसर ठीक असून चित्राच्या अर्ध्या भागात घाण आहे. तुम्ही एक बाजू दाबल्यावर अक्षरे सुधारतात, ते याच कारणाने.

आवाज नसलेल्या कॅसेटचेही असेच आहे. मूळ रचनेत आवाज यंत्रातून निघून एका दाताने कॅसेटमध्ये जातो आणि शेजारच्या दाताने परत येतो. कॅसेटमध्ये स्वतःची आवाजाची चिप बसवता यावी म्हणून ही सोय केलेली होती. साध्या कॅसेटमध्ये हे दोन दात नुसते एकमेकांना जोडलेले असतात. मागच्या रांगेतले अगदी मधले, ४५ आणि ४६ क्रमांकाचे दात ते हेच. तुमच्या यंत्राने हीच रचना उचलली असेल, तर त्या दोन दातांवरची घाण निघताच आवाज येईल.

कॅसेटइतकाच स्लॉटही स्वच्छ हवा, नाहीतर धुतलेले दात पहिल्याच दिवशी मळतील. एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असते. त्याला धागे न सुटणारे पातळ सुती कापड गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि स्लॉटमध्ये सरळ आत-बाहेर करा. कॅसेटच्या पट्टीपेक्षा जाड काही घुसवू नका, पत्त्या पसरून कायमच्या सैल होतात. आणि कॅसेट काढता-घालताना यंत्र बंदच हवे, हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा.

नदीकाठ_९६

दोघांचेही मनापासून आभार. मधल्या दहा दिवसांत झालेले काम कळवतो.

जुना अडॅप्टर भार नसताना १२.८ व्होल्ट दाखवत होता. यंत्राच्या सॉकेटमधली आतली काडी ७८०५ च्या मधल्या पायाशी बीप देते, म्हणजे ती ऋणच निघाली. राउटरचा अडॅप्टर हातात घेऊन बसलो होतो, तो बाजूला ठेवला. योग्य पिनेचा नवा ९ व्होल्टचा अडॅप्टर आणल्यावर पट्टे फिके झाले, पण गेले नाहीत. आतला १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलल्यावर मात्र पूर्ण गेले आणि ७८०५ च्या उजव्या पायावर ४.९८ व्होल्ट स्थिर मिळतात. काढलेल्या कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी डाग होता.

कॅसेट उघडल्यावर वाईट वाटले. प्रत्येक टरफलाच्या खालच्या कोपऱ्यात नदीचा गाळ वाळून बिस्किटासारखा झाला होता आणि एका पाटीवर त्याच्या भेगांमध्ये बारीक शंख चिकटलेला मिळाला. सांगितल्याप्रमाणे तीन पाणी बदलून धुतल्या. सातपैकी पाच आता नीट चालतात, 'बॅटल सिटी'ची अक्षरे स्वच्छ दिसतात आणि मुक्या कॅसेटला आवाज आला; मी मुद्दाम त्या पाटीचे मधले दोन दातच आधी पुसून पाहिले, तेवढ्यानेच आला. सहावीवर हिरव्याखाली खड्डा आहे, तिच्या दोन वाटा तारेने जोडायच्या आहेत. सातवीच्या काळ्या थेंबालाच तडा गेलेला दिसतो.

रिमोट आणि बंदूक राहिली आहे. दोन्ही रिमोटना ९ पिनांचा प्लग आहे. पहिल्याचे फक्त डावे बटण मेलेले असल्यामुळे त्या बटणाची वायर तुटली असावी, असा माझा अंदाज आहे. नवी वायर टाकावी का?

रंकाळा_फेरी

वायर बदलू नका, दोष तिच्यात असूच शकत नाही. या रिमोटमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. यंत्रापर्यंत पाचच तारा जातात: ५ व्होल्ट, अर्थ आणि तीन निरोपाच्या. रिमोटमधली चिप आठही बटणांची स्थिती एकदम टिपून घेते आणि मग एकाच तारेवरून एकामागून एक अशी यंत्राला कळवते. त्यामुळे तार तुटली तर आठही बटणे जातील. एकटे डावे बटण कधी जाणार नाही. एकच बटण मेले असेल तर ते रबराचे किंवा त्याखालच्या पाटीचे दुखणे समजावे, आणि सगळा रिमोट मेला असेल तर तारेचे.

पहिला रिमोट उघडला, की अधिकच्या आकाराच्या बटणाखाली रबर दिसेल आणि त्यावर काळे कार्बनचे चार ठिपके. पाटीवरच्या जागा अल्कोहोलने पुसा. काळ्या ठिपक्यांवर फक्त ओलसर काडी टेकवून उचला, घासू नका, कारण कार्बन निघून येतो. एवढ्याने जमले नाही तर चित्रकलेच्या ६बी पेन्सिलने ठिपका गडद करा. हा उपाय काही महिने टिकतो, आणि तोवर बंद पडलेल्या एखाद्या रिमोटचे रबर मिळून जाते.

दुसरा रिमोट आधी पहिल्याच्या जागी लावून पाहा. तरीही मुकाच राहिला, तर वायर रिमोटमध्ये शिरते ती पहिली दोन इंच तपासा. लहान मुले खेळताना ओढतात ती तेथेच, आणि बाहेरचे वेष्टन धड दिसले तरी आतली तार तुटलेली असते. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लगच्या पिनेपासून पाटीपर्यंत एकेक तार मोजा; मोजताना वायर वाकवत राहा. तुटकी सापडली की तेवढा भाग कापून टाका आणि पाचही तारा त्याच क्रमाने पुन्हा जोडा. नकली यंत्रांत तारांचे रंग ठरलेले नसतात, म्हणून कापण्याआधी फोटो काढाच.

बंदूक बिघडलेली नसेल. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला प्रकाशाचा डोळा तो चौकोन दिसला की नाही एवढेच पाहतो. हा डोळा काचेच्या जुन्या टीव्हीवर सेकंदाला सुमारे १५ हजार रेषा आखत जाणाऱ्या किरणाची लुकलुक ओळखण्यासाठी बनवलेला आहे. एलईडी टीव्हीचा प्रकाश तसा लुकलुकत नाही आणि चित्रही थोडे उशिरा येते, म्हणून नेम कितीही अचूक असला तरी बदक पडत नाही. शेजारीपाजारी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर त्यावर लावून पाहा.

शाहूपुरी_जुना

फुंकरीबद्दलचे स्पष्टीकरण पटले. याच धाग्यात एक छोटी शंका विचारतो. माझ्याकडे गेम बॉयची एक कॅसेट आहे, तिच्यात खेळ जतन होत नाही. आत बटणासारखा सेल आहे. तो काढून नवा डकवला तर चालेल का?

राजारामपुरी_मेकॅनिक

चालेल, पण सेलवर थेट सोल्डर कधीही करू नका. लिथियमचा सेल तापून फुटू शकतो. पत्र्याच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेला ३ व्होल्टचा त्याच क्रमांकाचा सेल मिळतो, त्या पट्ट्या पाटीला जोडाव्यात. क्रमांक सेलच्या पाठीवर कोरलेला असतो, तोच घ्या. जाडी बदलली तर टरफल मिटत नाही. जुना सेल काढताच आधी जतन केलेले काही उरले असेल तर तेही पुसले जाईल, कारण ती मेमरी सेलच्याच जोरावर जागी असते.

नदीकाठ_९६ यांना एक सूचना द्यायची राहिली. मृग लागायच्या आत कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदलत राहा. ट्रंकेत घालतो तशा डांबराच्या गोळ्या त्यात टाकू नका. त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लॅस्टिकला मऊ पाडते. आणि महिन्यातून एकदा तरी प्रत्येक कॅसेट लावून चालवा.

नदीकाठ_९६

डावे बटण नुसत्या पुसण्याने सुरू झाले. दुसऱ्या रिमोटची तार अगदी सांगितलेल्या जागी, रिमोटच्या तोंडापासून बोटभर अंतरावर तुटलेली होती. वरचे वेष्टन चाकूने चिरल्यावर हिरवट पडलेली दोन टोके सुटी दिसली. ती कापून पाचही तारा पुन्हा जोडल्या. सहाव्या कॅसेटच्या वाटा जोडून झाल्या आणि तीही चालते, फक्त तिच्यातल्या एका खेळाचे रंग चुकतात; ते पुढच्या सुट्टीत बघेन.

काल रात्री वडिलांना बोलावले. त्यांनी न विचारता पहिला रिमोट उचलला, पिवळा रणगाडा बाहेर काढला आणि तिसऱ्याच फेरीत माझ्याच गोळीने गरुड गेल्यावर मला पूर्वीच्याच आवाजात रागावले. नंतर आम्ही अकरा फेऱ्या खेळलो. सहा कॅसेट सिलिका जेलसह डब्यात घालून त्यांनी स्वतः माळ्यावर ठेवल्या आहेत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात नाही.